तांदळाच्या उकडीची भुतं

लहान मुलांकडून हॅलोवीनच्या वस्तू करून घेणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटी एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसावं. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती कात्री देता येत नाही आणि डिंक दिला तर तो आधी केसांना लागतो. रंग वाळेपर्यंत थांबा म्हटलं की जगबुडी आल्यासारखा चेहरा करतात. म्हणून सोपं म्हणजे काय, तर बिघडलं तरी बिघडलेलं दिसू नये. या बाबतीत भुतासारखं गुणी काही नाही. ते वाकडं झालं, एका डोळ्याचं झालं, तरी भूतच राहतं.

आयर्लंडमधल्या नास गावात, आमच्या घरी मी मुलं सांभाळते. आईबाप सकाळी डब्लिनला कामाला जातात आणि संध्याकाळी दमून परत येतात. मधल्या वेळात त्यांची मुलं माझी. त्या वर्षी माझ्या लेकीला धरून चौघं होती: एक जुळ्या भावांची जोडी, शेजारच्या नर्सची मुलगी, आणि आमचं रत्न. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इथे आले तेव्हा कागदोपत्री माझी ओळख ‘डिपेंडंट’ होती. त्या शब्दाची मला इतकी चीड होती की प्रशिक्षण घेऊन हे काम मी जवळजवळ रागानेच सुरू केलं. त्यामुळे माझ्या कामात कुणी नाक खुपसलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजायला बरं.

त्या उन्हाळ्यात माझे सासरे गेले. अमरावतीकडच्या गावातून पहिला फोन आला तेव्हा ते गंभीर होते, एवढंच कळलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसात काहीतरी मोठं संपवायचं होतं. एवढं उरकून निघतो म्हणून तो एक दिवस थांबला. मग दोह्याला पुढचं विमान चुकलं. तो पोहोचला तेव्हा चुलतभावाने अग्नी दिलाही होता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. काकांनी हात जोडून म्हटलं, वहिनीला सांभाळू. नवऱ्याने म्हटलं, बाबा, आईला माझ्याकडे नेतो, दरवर्षी गावी येतो, घर पडू देणार नाही. ऊन डोक्यावर आलं, गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. घरात बायकांमध्ये बसलेल्या आपल्या आईला नवऱ्याने सांगितलं, “लगेच शिवला.” बाकीच्या पुरुषांनीही माना डोलावल्या.

खरं काय घडलं ते त्याने मला सांगितलं तो परतला तेव्हा. मी त्याला आणायला गेले होते, डब्लिन विमानतळाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्यावर. “माझी वाट बघत होते गं. मी एक दिवस थांबलो ना. राग धरून गेले.” मी म्हटलं, असं काही नसतं, कावळ्यांचं पोट भरलेलं असेल. त्याने काच खाली केली, तिकीट मशीनला लावलं आणि त्यानंतर तो विषय काढला नाही. खरं तर त्यानंतर त्याने कुठलाच विषय काढला नाही. लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये तेवढा बोलायचा. लेकीला ‘हं’, मला इथल्या पद्धतीचं ‘ग्रँड’, म्हणजे ठीक, आणि ताटात अर्धी पोळी तशीच. माझा नवरा मुळात बडबड्या माणूस. लग्नाआधी त्याच्या बडबडीला मी कंटाळायचे. आता घरात तो असून नसल्यासारखा होता आणि मला भीती वाटत होती की हा असाच राहील. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणायचा, मला काय झालंय?

सप्टेंबरमध्ये तो पुन्हा गावी जाऊन सासूबाईंना इकडे घेऊन आला. त्या पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. आई दिवसभर वरच्या खोलीत बसायच्या, पोरं गेली की खाली यायच्या. मुलगा आला की त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि तो दुसरीकडे बघायचा. दोघं एका टेबलावर जेवायचे आणि मीठ मागायचं झालं तरी माझ्याकडे मागायचे.

अशात ऑक्टोबर आला. आमच्या वसाहतीतल्या घरांच्या दारांत भोपळे बसले, झुडपांवर खोटी कोळिष्टकं चढली, संध्याकाळी कुठेतरी पोरं फटाके उडवायला लागली. आमच्याकडेही पोरांनी कागदी ताटल्यांचे भोपळे रंगवले, काळ्या रंगात पंजे बुडवून कोळी उमटवले. मी कापूस लावलेल्या काड्या काळ्या कागदावर चिकटवून सांगाडे करून घेतले. ते फारच देखणे झाले होते, म्हणून खिडकीत लावले. नवरा घरी आला आणि जॅकेटसुद्धा न काढता ते उतरवायला लागला.

“अगं, आई आहे ना घरात. ॲट लीस्ट खिडकीत तरी नको.”

“हे माझं काम आहे. त्यांच्या आईबापांना दाखवायचं असतं मला.”

“सांगाडे? या वर्षी?”

“मग या वर्षी काय करायचं तेही तूच ठरव. रांगोळ्या काढून घेऊ का पोरांकडून?”

असं मी बोलले. बोलून वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून माघार घेणाऱ्यांतली मी नाही. शेवटी तह झाला. सांगाडे नकोत, थडगी नकोत. भुतं चालतील, पण हसरी. सांगाडे मी कपाटात ताटांच्या मागे ठेवून दिले.

आता हसरी भुतं करायची कशाची? इथे सगळ्या जणी मैदा आणि भरपूर मीठ मळून त्याच्या वस्तू करतात. पण ते ओव्हनमध्ये पिवळट पडतं, शिवाय जुळ्यांपैकी एक जण हाताला येईल ते खातो आणि एवढं मीठ पोटात जाणं लहान मुलांना बरं नाही. मग मला उकड सुचली. मोदकाला करतो तशीच. पाण्याला उकळी, तेलाचा थेंब, तांदळाचं पीठ, झाकण ठेवून वाफ. पांढरी शुभ्र, मऊ, आणि खाल्ली तर खाल्ली. डोळ्यांना प्लॅस्टिकचे मणी मी वापरत नाही, कारण ते नाकात जातात. डोळ्यांना काळे तीळ. मी स्वतःवर इतकी खूश होते की ही युक्ती मुलं सांभाळणाऱ्या बाकीच्या बायकांना ग्रुपवर सांगावी का, याचा विचार करत होते. या हुशारीला काय म्हणावं!

पोरांनी गोळे वळले. प्रत्येकाचा गोळा खाली चपटा, वर निमुळता. जुळ्यांनी तर चिमूटभर तीळ घेऊन गोळ्यांवर भुरभुरवले, त्यांच्या भुतांना डोळेच डोळे. मी सगळे एका स्टीलच्या ताटात मांडले आणि पोरांचे हात धुवायला गेले.

आई त्या दिवशी वेळेआधी खाली आल्या. चहा हवा होता बहुतेक. मी टॉवेल घेऊन वळले तर त्या टेबलाशी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“हे काय मांडून ठेवलं वं माय?”

“भुतं आहेत, आई. पोरांनी केलीत,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच ताटाकडे पाहिलं. पांढरे गोळे. काळे तीळ. मी पिंड कधी जवळून पाहिले नव्हते. आमच्याकडे पुण्याला सगळं बाहेर, कार्यालयात व्हायचं. पण त्यांनी लग्न झाल्यापासून दरवर्षी सासरच्या पितरांच्या श्राद्धाची तयारी स्वतःच्या हाताने केली होती. भरल्या घरात, चार लेकरांच्या पुढ्यात, वर्ष न उलटलेल्या घरात मी पिंड मांडून बसले होते. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी ताट उचलायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. “आता नको हात लावू.” ताट त्यांनीच उचललं, काचेचं दार सरकवलं आणि पायात नुसते मोजे असताना ओल्या गवतावरून मागच्या भिंतीपर्यंत गेल्या. गोळे एकेक करून भिंतीवर ठेवले. दोन पावलं मागे सरकल्या आणि हात जोडले.

आत शेजारच्या नर्सची मुलगी रडायला लागली. माझी लेक काचेला नाक लावून ओरडत होती, “आजी, दॅट्स माय घोस्ट! गिव्ह इट बॅक!” मी चौघांना बिस्किटं देऊन काचेमागे बसवलं, म्हणजे दिसत राहतील, आणि आईंची चप्पल घेऊन बाहेर धावले.

नासमध्ये कावळ्यांना तोटा नाही. शेजाऱ्याच्या छपरावर एक ओळच बसली होती. एक कुंपणावर आला, त्याने मान वाकडी करून पाहिलं आणि तिथेच बसून राहिला. आई त्याच्याकडे बघत होत्या. मग त्याच्याकडेच बघत त्यांनी विचारलं, “तिथं शिवला होता काय?”

मी छपरावरच्या ओळीकडे पाहिलं.

“तुले सांगतलं असन त्यानं. मले कोनीच खरं सांगत नाई. सारे म्हनते, लगेच शिवला. लगेच शिवला तं मंग घरी याले दुपार काहून झाली?”

मला खोटं बोलता येतं, चांगलं बोलता येतं. पोराने कुणाला चावलं तरी त्याच्या आईला मी ‘आज थोडा दमला होता’ म्हणून सांगते. पण ही बाई चार महिने एवढा एक हिशेब मनात घेऊन बसली होती, आणि तिला भलतंच उत्तर देऊन परत वर पाठवायचं मला जमेना.

“नाही शिवला, आई. शेवटी दर्भाचा केला.”

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. “अन् पोट्ट्याले काय वाटते?”

“त्याला वाटतं, तो उशिरा पोहोचला म्हणून. बाबा राग धरून गेले म्हणतो.”

“म्हनून जेवत नाई?”

“म्हणून जेवत नाही.”

त्यांनी माझ्या हातातली चप्पल घेतली, पायात घातली. पाऊस सुरू झाला होता आणि भिंतीवरचे गोळे चिकट व्हायला लागले होते. कावळा उडून गेला होता. “चाल,” त्या म्हणाल्या, “लेकरं एकटी हायेत.” आत आल्यावर त्यांनी नर्सच्या मुलीला मांडीवर घेतलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तिचं रडं थांबलं.

हॅलोवीनच्या दिवशी मी पोरांना लवकर पाठवलं. नवराही लेकीला घरोघरी फिरवायला लवकर येणार होता. ती चेटकिणीच्या टोपीत पुढच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहून रस्त्यावर नजर ठेवून होती. मी दारात येणाऱ्या पोरांसाठी वाडग्यात चॉकलेटं भरत होते. आईंनी मला न विचारता गॅसवर पाणी ठेवलं, तांदळाचं पीठ काढलं, उकड केली आणि टेबलाशी बसून गोळे वळायला लागल्या. मला वाटलं, पोरांची भुतं नेली म्हणून परत करून देत असतील. त्यांनी तिळाची वाटीही जवळ ओढली होती.

नवरा आत आला आणि दारातच थबकला. आईंनी तीळ टोचून ताटात मांडलेले गोळे त्याने पाहिले.

“बस,” आई म्हणाल्या. वर पाहिलं नाही. “हात धू अन् बस.”

तो बसला. हात न धुताच.

“कावळा शिवला नाई, मले ठाऊक हाये. गावात काय लपून राहते?” माझ्याकडे त्यांनी डोळा वर करूनही पाहिलं नाही. “तुह्यापायी नाई झालं ते. त्यायले इथं याचं होतं. तुहं घर पाहाचं होतं, नातीले खेळवाचं होतं. तू बलावलं की दरसाली म्हनत, चाल जाऊ. म्याच आडवी आली. मले इमानाचा भेव वाटे. तुले फोनवर सांगो का गुडघे दुखते. जाताना त्यायचा राग माह्यावर होता. जीव त्याच्यात अडकला.”

नवऱ्याचा आवाज असा फुटला की मी दचकले. “एकदा हो म्हणाली असतीस तर काय झालं असतं? मी तिकिटं काढायला तयार होतो! आता बसलीस ना विमानात? आता नाही भीती वाटली?”

त्याच क्षणी दाराची बेल वाजली. मी वाडगा घेऊन गेले. बाहेर तीन चेटकिणी, एक चिमुकला सांगाडा आणि त्यांच्यामागे छत्री घेऊन कुणाची तरी आई. मागून नवऱ्याचा चढलेला आवाज येत होता, “त्यांना एवढंच तर हवं होतं!” आणि मी दात दाखवत चॉकलेटं वाटत होते. छत्रीवाल्या बाईने नजर खाली वळवली. मी दार लावून परत आले तर तो टेबलावर डोकं ठेवून रडत होता, मोठ्याने, लहान मुलासारखा. आईंनी हात पुढे केला तर त्याने तो झटकला.

मग तो उठला, तोंड धुतलं आणि लेकीला घेऊन बाहेर पडला. परत आला तेव्हा लेकीची पिशवी भरलेली होती. जेवायला बसला. तिसरी पोळी घेतली आणि विचारलं, “अजून आहे का?” कित्येक महिन्यांनी ऐकले ते शब्द. आईशी मात्र तो एक अक्षर बोलला नाही.

सकाळी तो कामाला गेल्यावर मी आईंना चहा दिला आणि समोर बसले. माझं मराठीत लिहिलेलं नवरा कधी वाचत नाही, म्हणूनच पुढचं लिहिते आहे.

“आई, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलं? बाबांना यायचं होतं ते?”

त्यांनी बशीत चहा ओतला. “त्यायले? इथं?” आणि त्या चक्क हसल्या. “ते अमरावतीले बी मुक्कामाले राहत नव्हते वं. बहिनीच्या घरी जेवले की लगेच एसटी पाहे. म्याच म्हनो, चाला एकदा पोराचं घर पाहून येऊ. तं म्हने, तिथं काय करू, आपल्याले तिथलं पानी मानवत नाई.”

“मग काल त्याला जे सांगितलंत ते?”

“मंग काय?”

मी म्हटलं, तो तुमच्यावर किती चिडलाय बघताय ना. त्या म्हणाल्या, पाह्यलं. एवढं बोलून त्यांनी बशी तोंडाला लावली.

त्या वर्षी दिवाळी हॅलोवीननंतर आली. आमच्याकडे सुतक फिटलं असलं तरी पहिलं वर्ष, म्हणून कढई चढली नाही. इथल्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याने रीतीप्रमाणे फराळ आणून दिला. दोघं बसली. चौकशी झाली, बाबांचं वय काय, कसं झालं, आधी काही त्रास होता का. नवरा बोलायला लागला. तो बोलतोय याचंच मला इतकं बरं वाटत होतं की काय बोलतोय ते ऐकायला मला जरा उशीर झाला.

“बाबांना इकडे यायची फार इच्छा होती,” तो सांगत होता. “मी सतत बोलवायचो. पण आईने येऊ दिलं नाही. विमानाची भीती. आणि आता बघा, स्वतः आली.” आवाजात धार होती. पाहुणी बाई अवघडून हसली. पाहुण्यांनी आईंकडे पाहिलं. आई त्यांच्याच डब्यातला चिवडा बशीत काढत होत्या. “व्हय,” त्या म्हणाल्या, “माहीच चूक झाली ते,” आणि बशी पुढे केली.

मी तिथून उठले. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाचच कप विसळत राहिले. माझा राग नवऱ्यावर होता, पण त्याला तरी काय म्हणणार होते मी? थोड्या वेळाने आई रिकाम्या बशा घेऊन मागे आल्या. बाहेर नवरा अजून बोलतच होता, आता नोकरीबद्दल, घरांच्या किमतींबद्दल, आणि पाहुणे मधे मधे हसत होते.

“आई, किती दिवस हे ऐकून घेणार आहात? उद्या गावातही हेच सांगेल तो.”

त्यांनी बशा सिंकमध्ये ठेवल्या. “बोलते नं तो? बोलू दे. उन्हाळ्यापासून तोंड उघडलं नव्हतं पोट्ट्यानं.”